रजिस्टरच्या शेवटच्या रकान्याबद्दल, काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

मेल पाठवला असता तर तुम्ही उघडला नसता. समोर येऊन आभार मानले असते तर "चहा घेतलास?" असं विचारून विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण दहाच्या चहाला तुम्ही मराठी पेपर शेवटच्या पानापासून उलटा वाचत येता, हे मी चार महिने रोज पाहिलंय. तुमचं नाव लिहीत नाही. "म्हजें नांव खंयच घालूं नाका" असं तुम्ही कोकणीत बजावलंय, म्हणजे कुठेच घालू नका. इस्पितळाचंही लिहीत नाही, नाहीतर उद्या दहा जण तुमच्या खोलीच्या दारात उभे राहतील आणि तुमचा चहा गार होईल.

माझी एम.टेक.ची व्हायव्हा गेल्या आठवड्यात झाली. पास झाले. बाहेर येऊन आईला फोन केला, मग तुम्हाला लावला, तर तुम्ही उचललाच नाही. तुमच्या फोनची बॅटरी दुपारनंतर टिकत नाही. अख्ख्या इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या, त्यांच्या बॅटऱ्या बदलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या फोनची ही गत.

बायोमेडिकल इंजिनियरिंग घेतलं तेव्हा मामाने विचारलं होतं, "म्हणजे तू डॉक्टर की इंजिनियर?" तो प्रश्न दोन वर्षं संपला नाही. ज्या गोव्यात पोर्तुगीजांनी १८४२ साली वैद्यकीय शाळा काढली, तिथं डॉक्टर म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. डॉक्टरपुढचं यंत्र कोण जगवतं, हे मात्र कुणी विचारत नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेत आमच्या विषयाचा वेगळा पेपर आला तोच मुळी २०२० मध्ये. मी तो दिला, गोव्याबाहेर प्रवेश मिळाला, महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळू लागला, आणि डिचोलीहून निघताना बाबांनी ट्रंकेला नवं कुलूप घेतलं. पुढचं वर्ष समीकरणांत गेलं. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. पण अख्ख्या वर्षात इस्पितळातलं एकही खरं यंत्र आम्ही उघडलं नाही. लॅबमध्ये अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाखाली ईसीजीचा ट्रेनर किट होता आणि त्याला सिम्युलेटर जोडलेला. सिम्युलेटरला घाम येत नाही, तो कूस बदलत नाही, त्याला खोकला नाही. रेघ कायम शाळेच्या पुस्तकातल्यासारखी.

मग उन्हाळ्यातली इंटर्नशिप. कंपनी कुठली ते सोडा. सहा आठवडे गळ्यात 'व्हिजिटर'चं कार्ड. "ऑब्झर्व्ह करा" हे वाक्य मी तिथं इतक्या वेळा ऐकलं की स्वप्नात यायचं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की कुणीतरी हसत हसत काढून घ्यायचं. शेवटच्या आठवड्यात मला आवाजाच्या नोंदींचं एक कोष्टक करायला दिलं. आवाज म्हणजे सिग्नलमधला गोंगाट, काका, तुम्हाला सांगायला नको. तीन रात्री जागून केलं. सादरीकरणात ते कोष्टक दिसलं. खाली नाव दुसऱ्याचं होतं. मला मिळालेल्या सर्टिफिकेटावरही माझं आडनाव चुकलेलं होतं, तीनदा स्पेलिंग लिहून देऊनसुद्धा. एवढ्यावरून कुणी रडत नाही म्हणतात. मी रडले.

दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट घरी राहून करायचा ठरवला तेव्हा निम्मा राग होता आणि निम्मी बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सोय. गोव्यात दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी बाकावर तीन तास बसवून "उद्या या" म्हणाले आणि उद्या गेल्यावर कालचं माणूस रजेवर. दुसरीकडून अजून उत्तर यायचंय.

आणि मग तुमची खोली. ऑक्सिजनच्या सिलिंडरांमागे, दोन पायऱ्या उतरून. जूनचा पाऊस, भिंतीला ओल, आत सोल्डर आणि फिनेलचा वास. टेबलावर आडवं पडलेलं सक्शन मशीन, पोट फाडलेला मॉनिटर, आणि खिडकीत सिलिका जेलच्या पुड्या वाळत घातलेल्या, कुणी पापड घालावेत तशा. निळ्या होत्या त्या गुलाबी झालेल्या, पाणी पिऊन. "आमच्या पावसांत मशीनीकूय सर्दी जाता," असं काहीतरी तुम्ही म्हणालात. मी पत्र पुढे केलं. तुम्ही ते वाचलं नाही. एक सिरिंज पंप माझ्यापुढे सरकवला आणि सांगितलंत, उघड.

मी म्हटलं, "काका, मी आजवर कधी उघडला नाही. मोडला तर?"

"मेल्लें तें. आनीक कितें मरतलें?"

आत पालीची दोन अंडी निघाली. ती अंडी बाजूला कापसावर ठेवून मगच तुम्ही पंपाकडे वळलात.

त्या चार महिन्यांत काय काय शिकले त्याची यादी देत नाही, माझ्या थिसिसमध्येही ती नाही. बोर्डाच्या पिवळ्या कडा पेन्सिलच्या खोडरबराने पुसायच्या. बोटाला लावायच्या प्रोबची वायर नेहमी गाठीपाशीच तुटते, कारण घाईत ती मॉनिटरभोवती गुंडाळली जाते, आणि त्यासाठी सिस्टरवर ओरडायचं नाही. तिला चाळीस पेशंट असतात, तुम्हाला एक वायर. यंत्र नेताना वॉर्डात आधी पेशंटला सांगायचं, "बिघडलेलं नाही, तपासायला नेतोय." हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

आता त्या ईसीजीचं.

बायकांच्या वॉर्डातल्या ईसीजी मशीनची रेघ जाड येत होती. कागदावर रेघेऐवजी गवत उगवल्यासारखं. कंपनीचा माणूस येऊन "बोर्ड गेलाय, नवीन मशीनच घ्या" सांगून गेला होता. माझा तर प्रोजेक्टच यावर, मी हरखले. हृदयाची वीज अंगावर पोचेपर्यंत जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते, आणि भिंतीतल्या वायरींची ५० हर्ट्झची गुणगुण माणसाचं अंग अँटेनासारखं गोळा करतं. हे सगळं मला तोंडपाठ. मी स्वतःच रिकाम्या खाटेवर आडवी झाले, सिस्टरने क्लिपा लावल्या, नोंदी लॅपटॉपवर घेतल्या, आणि तीन दिवस फिल्टर, म्हणजे गोंगाट गाळणारा प्रोग्राम, लिहीत बसले. पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची ठोके शोधायची रीत वापरली, वर स्वतःची भर घातली. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर रेघ अशी आली की फ्रेम करून लावावी.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पाहिलंत. "रेग सोबीत जाली," म्हणालात, सोबीत म्हणजे सुंदर. मग थोडं थांबून, "पूण वायर?"

आणि मल्टिमीटर माझ्या हातात दिलात. स्वतः पेपर उघडून बसलात.

लाल उजव्या हाताची, पिवळी डाव्या हाताची, हिरवी डाव्या पायाची. तिन्ही मीटरवर नीट आकडा दाखवत होत्या. काळी, उजव्या पायाची, सरळ धरली की दाखवी आणि वाकवली की गप्प. बाहेरून काही दिसत नव्हतं. प्लगमध्ये शिरते तिथं, रबराच्या आत, तांब्याचे तंतू तुटलेले होते.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी वायर काहीच मोजत नाही. ईसीजीच्या बारापैकी एकाही लीडच्या, म्हणजे कागदावर उमटणाऱ्या रेघेच्या, हिशेबात उजवा पाय येत नाही. डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेनने पहिल्यांदा नीट ईसीजी काढला तेव्हा त्याचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं, आणि रुग्णाचे दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत. उजवा पाय तेव्हाही कोरडाच. त्या कामाला १९२४ चं नोबेल मिळालं. आजची यंत्रं अंगावर चढलेला गोंगाट ओळखतात, उलटा करतात आणि उजव्या पायातून परत अंगात सोडतात, म्हणजे गोंगाट आपोआप विरतो. दहा वायरींपैकी ती एक तुटली की बाकीच्या नऊ काय वाट्टेल ते सांगू लागतात. इथं कुणाला कुणाची उपमा सुचत असेल तर सुचू दे. मी दिली तर तुम्ही हसाल.

आणि माझा फिल्टर? तो त्या गवतावर अंगण सारवत होता. खाली काय तुटलंय ते कुणाला दिसूच नये, इतकं छान. शिवाय ५० हर्ट्झ कापताना हृदयाची आपली स्वतःची बारीक टोकंही थोडी बोथट होतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्या तीन दिवसांत विसरले होते.

वायर दोन सेंटिमीटर कापली, नवं टोक सोललं, प्लग पुन्हा बसवला. माझं पहिलं सोल्डर ढेकळासारखं झालं. तुम्ही पेपरावरून नजर न काढता म्हणालात, परत कर. दुसरं बरं झालं. मशीन वॉर्डात नेलं, कागद सरकला, गुलाबी चौकोनांवरून बारीक, काळी, स्वच्छ रेघ. एकही फिल्टर न लावता.

पण काका, ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते याच्यानंतरचं आहे.

खोलीत परत आल्यावर तुम्ही ते लांबडं रजिस्टर काढलंत, लाल कापडी पाठीचं, कोपरे कुरतडलेलं. तारीख लिहिलीत. वॉर्ड, मशीन, तक्रार. "काय केलं" च्या रकान्यापाशी मला विचारलंत, मी सांगितलं, तुम्ही तसंच लिहिलंत, माझे शब्द न बदलता. मग शेवटचा रकाना, 'दुरुस्ती कोणी केली'. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तुमचीच सही होती, एकाखाली एक. मागच्या पानावरही. मला वाटलं आताही तीच होणार. व्हायलाही हवी होती. खोली तुमची, मीटर तुमचा, 'वायर?' हा प्रश्न तुमचा.

पेन चालेना. तुम्ही तळहातावर दोन गोल गिरवले, झटकलं, आणि माझ्याकडे बघितलंत.

"पुराय नांव सांग."

मी सांगितलं. तुम्ही अर्धं लिहिलंत आणि थांबलात. "आडनांवांत 'एस' एक काय दोन?"

गोव्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगायला नको, आमच्याकडे तेच आडनाव कुणी एका 'एस'ने लिहितं, कुणी दोन. बाहेर तो मला कुणीही विचारला नव्हता. मी "दोन" म्हटलं. तुम्ही दोन्ही 'एस' सावकाश, जोडून न टाकता, वेगवेगळे काढलेत, रजिस्टर माझ्याकडे वळवलंत आणि सहीची जागा बोटाने दाखवलीत. मग किल्ली घेऊन जेवायला निघून गेलात. मी तिथं एकटीच बराच वेळ बसले होते, हे तुम्हाला माहीत नाही. पंखा लावलेला राहिला त्याबद्दल तुम्ही दुसऱ्या दिवशी बोललात, तेवढंच.

मोठ्या मदतीच्या गोष्टी लोक सांगतात, फी भरली, घर दिलं, ओळख लावून दिली. त्या मोठ्याच असतात. पण मी अलीकडे साधी माणसं मोजत बसते. साखळी गावच्या बसचा कंडक्टर, बाबा काठी घेऊन चढेपर्यंत घंटी न मारणारा. तुमच्या वॉर्डातली सिस्टर, मला रिकाम्या खाटेवर झोपवल्यावर पंख्याखाली थंडी वाजेल म्हणून पांघरूण घालणारी. यांच्यापैकी कुणालाही विचारलं तर सांगतील की आम्ही काही केलं नाही. आणि ज्यांनी खरंच काही केलं नाही, त्यांच्या लेटरहेडवर मात्र माझ्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलेलं आहे. असो. राग आता फारसा उरला नाही. थोडा ठेवलाय, उपयोगी पडतो.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या नोंदींतल्या गोंगाटाचं मूळ काय होतं?" माझ्या गाइडनी फिल्टरच्या स्लाइडकडे बोट केलं. मी म्हटलं, उजव्या पायाची वायर तुटलेली होती सर. खोलीत क्षणभर शांतता. मग परीक्षकांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी म्हटलं, एका काकांनी विचारलं आणि मी शोधलं. ते थिसिसमध्ये का नाही, असं ते म्हणाले. आता घातलंय, चौथ्या प्रकरणात, तुमचं नाव न घालता. रजिस्टरचा पान क्रमांक तेवढा दिलाय.

चवथीला घरी येतेय. गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला बांधायला वाडीतली तोरिंगं बाबांनी राखून ठेवलीत, त्यातली दोन तुम्हाला. खोलीसाठी सिलिका जेलचा नवा डबा घेतलाय, तो मात्र परत करायचा नाही. आणि त्या दिवशी कापलेला काळ्या वायरचा तुकडा तुम्ही कचऱ्यात शोधत होतात ना, तो माझ्या कंपासपेटीत आहे. मागू नका, मिळणार नाही.

देव बरें करूं.

तुमची,
बाय (दोन 'एस'वाली)
डिचोली