यलोस्टोन सहल : मोटरहोममधील वजनाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या तिन्ही मोटरहोममध्ये येत्या शुक्रवारी सायंकाळी ६ वाजता, गाड्या उभ्या असतील तेथेच, सामान वजन करून भरले जाईल. काटा समितीने आणला आहे.

प्रत्येक गाडीच्या दाराजवळील लेबलवर माणसे व सामान मिळून किती भार चालेल तो आकडा छापलेला असून, टाकीतले पाणीही त्यातच मोजले जाते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या लहान गाडीवर १,४०० पौंड असे लिहिले आहे. सहा जणांचे ९०० पौंड वजा केल्यास ५०० उरतात. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचे, म्हणजे ४० गॅलनची टाकी काठोकाठ भरली तर त्यातले ३३२ पौंड पाण्यानेच खाल्ले. म्हणून निघताना टाकीत १० गॅलनच पाणी राहील. उरलेले मुक्कामाच्या ठिकाणी भरू.

– माणशी सामान ५० पौंडांच्या आत असावे.
– तांदूळ, कुकर व बिडाचा तवा समिती आणणार आहे. कृपया घरोघरचे तवे नकोत.
– जड वस्तू मागच्या चाकांच्या मागे न ठेवता पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या भागात, खालच्या कप्प्यात ठेवाव्यात.
– झोपण्याच्या जागा आठ असल्या तरी सीटबेल्ट सहाच आहेत. प्रवासी तितकेच बसतील.

शनिवारी सकाळी महामार्गालगतच्या ट्रक थांब्यावर प्रत्येक आसाचा (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्याचा) भार तपासला जाईल, व तो जास्त भरल्यास सामान तेथेच उतरवावे लागेल.

– सहल समिती