स्वस्त चिनी शेअर आणि न तपासलेला नफा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी बाजारात नोंदलेल्या छोट्या चिनी उत्पादक कंपन्या 'स्वस्तात' मिळताहेत, घेऊन ठेवा, असा सल्ला आपल्या अर्थविषयक पुरवणीत वाचला. नफ्याच्या मानाने भाव कमी, हा त्याचा सारा आधार. तो नफा कोणी तपासला, याबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही.

डालियनच्या रायनो इंटरनॅशनलचे उदाहरण घ्या. पोलाद कारखान्यांच्या धुरातून गंधक काढणारी यंत्रे ही कंपनी बनवी. अमेरिकेतल्या एका शेल कंपनीत (धंदा नसलेल्या, नावापुरत्या कंपनीत) विलीन होऊन, म्हणजे आयपीओची (पहिल्या जाहीर शेअरविक्रीची) चाळणी टाळून, ती नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर पोहोचली. २००९ ची विक्री तिने अमेरिकेत सुमारे १९.३ कोटी डॉलर दाखवली. चिनी सरकारी नोंदीत हाच आकडा १.१ कोटींच्या आसपास असल्याचे मडी वॉटर्स या संशोधन संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केले. (ही संस्था शेअर पडला की कमावते, तेव्हा तिचा शब्दही पारखूनच घ्यावा.) पण नंतर खुद्द मुख्याधिकाऱ्यानेच लेखापरीक्षकांपुढे काही करार झालेच नव्हते असे कबूल केले. महिन्याभरात शेअर नॅसडॅकवरून गेला. कंपनीच्या पैशातून कॅलिफोर्नियात आलिशान घर घेतल्याचा आरोप अमेरिकी नियामकाने मुख्याधिकारी पती आणि अध्यक्ष पत्नी यांच्यावर ठेवला, तोही २०१३ मध्ये.

फसवणूक आपल्याकडे होत नाही असे नाही. 'सत्यम'च्या बँकेतली शिल्लकही कागदावरचीच होती. पण तिथे पोलीस, सेबी, न्यायालय सगळे याच देशात होते आणि संस्थापक राजू तुरुंगात गेले. चिनी कंपनीबाबत अमेरिकी नियामकाला लेखापरीक्षकांची कागदपत्रेसुद्धा वर्षानुवर्षे मिळत नव्हती. बाजारातून हकालपट्टीची धमकी देणारा कायदा २०२० मध्ये झाला, तेव्हा कुठे २०२२ मध्ये तपासनिसांना दप्तर पाहता आले. शिवाय कंपनीचा अधिकृत शिक्का स्थानिक मालकाच्या खणात असतो. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती कंपनी. बाहेरच्यांनी बहुमताने ठराव केला तरी बँक खाते हाती लागेलच असे नाही.

सगळ्याच कंपन्या बनावट नाहीत. डिझेल इंजिने बनवणारी युलिनची चायना युचाई १९९४ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहे. पण तिचे नियंत्रण सिंगापूरच्या उद्योगसमूहाकडे आहे, आणि त्यालाही स्थानिक सरकारी भागधारकाशी दीर्घकाळ झगडावे लागले. तिथे मालाडचा किंवा मिरजेचा शंभर शेअरवाला काय करणार?

रिझर्व्ह बँकेच्या योजनेमुळे वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि मोबाइलवर हे शेअर दोन मिनिटांत घेता येतात. म्हणून विनंती की असा सल्ला छापताना लेखापरीक्षक कोण, रोकड कोणत्या देशातल्या बँकेत आहे आणि भागधारकांना आजवर रोख लाभांश मिळाला का, या तीन गोष्टी लेखकाकडून लिहून घ्याव्यात. सल्लागाराच्या स्वतःकडे तो शेअर आहे का, हेही खाली छापावे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, ठाणे