बोनस कशावर मिळतो ते सांगा, मूल्यांचं नंतर बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परवा नफा आणि नीतिमत्ता या विषयावर लेख आला होता, चांगला होता, पण शेवटी गाडी नेहमीच्याच वळणावर गेली. कंपन्यांनी समाजाचं देणं लागतं हे लक्षात ठेवावं, सीएसआर (म्हणजे समाजकार्यावरचा खर्च) वाढवावा, वगैरे. माझं म्हणणं जरा वेगळंय. सीएसआर म्हणजे नफा झाल्यावर त्यातलं काय वाटायचं याचा हिशोब. तो नफा कमावला कसा, हे त्यात कुठेच येत नाही. नदीत घाण सोडून कमवा आणि काठावर झाडं लावा, रिपोर्टमध्ये फोटो छान येतो.

मी स्वतः बरीच वर्षं सेल्समध्ये काढली, त्यामुळे एक गोष्ट पक्की माहितीये. माणूस भिंतीवरच्या मूल्यांच्या बोर्डाप्रमाणे वागत नाही, इन्सेन्टिव्हच्या एक्सेल शीटप्रमाणे वागतो. महिनाअखेरीला बॉस फोनवर "नंबर किती झाला" एवढंच विचारतो, "कसा झाला" हे कधीच विचारत नाही, आणि ते न विचारणं ही पण एक सूचनाच असते हो, फक्त लेखी नसते म्हणून नंतर हात वर करता येतात.

वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचं प्रकरण बघा. एकेका ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ-आठ प्रॉडक्ट्स मारायची असं ध्येय होतं. आता सामान्य माणसाला एवढी खाती आणि कार्डं लागतात कशाला? पण टार्गेट रोजचं, आणि नाही झालं तर नोकरीवर टांगती तलवार. मग ब्रँचमधल्या लोकांनी ग्राहकाला न विचारताच खाती उघडली, फॉर्मवर खोटे ईमेल टाकले, पिन स्वतःच सेट केले, जुन्या खात्यातले थोडे पैसे नव्यात फिरवून खातं चालू असल्यासारखं दाखवलं. काहींना तर फीसुद्धा बसली, ज्या खात्याचा पत्ताच नाही त्याची! २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा कळलं की बँकेने आधीच्या काही वर्षांत याच कारणावरून ५३०० च्या आसपास कर्मचारी काढले होते. म्हणजे हजारो लोक एकच चूक करतायत आणि वरच्यांना वाटतंय की ही काही नासकी माणसं आहेत. अरे, एवढी माणसं एकदम नासत नाहीत, टार्गेट नासकं असतं. आणि ज्या मॅनेजरने आतल्या एथिक्स हॉटलाइनवर (गैरप्रकार कळवायच्या फोनलाइनवर) तक्रार केली त्यालाच घरी पाठवलं होतं, २०१७ मध्ये सरकारी कामगार खात्याला आदेश काढावा लागला की याला परत घ्या.

बोइंगचं तर त्याहून वाईट. ७३७ मॅक्स विमानात एक नवीन सॉफ्टवेअर टाकलं, विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारं, ते एकाच सेन्सरवर विसंबून होतं (विमानावर तसे दोन सेन्सर होते!), आणि पायलटच्या मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखच ठेवला नव्हता. असं का? बरीच कारणं असतील, पण एक करार वाचला की डोक्यात प्रकाश पडतो. साउथवेस्ट या विमान कंपनीला बोइंगने लिहून दिलं होतं की मॅक्ससाठी पायलटना सिम्युलेटरवर वेगळं ट्रेनिंग द्यावं लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर सूट देऊ. म्हणजे हे विमान जुन्यापेक्षा वेगळं आहे असं खरं बोलण्याची किंमत आधीच करारात लिहिलेली होती, विमानागणिक. मग कोण बोलणार? २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. २०२१ मध्ये अमेरिकन सरकारशी बोइंगची जी तडजोड झाली त्यात विमान कंपन्यांना भरपाई १७७ कोटी डॉलर, मृतांच्या वारसांना ५० कोटी आणि प्रत्यक्ष दंड २४ कोटींच्या आसपास. कुणाचा धंदा बुडाला त्याची भरपाई कुणाचं माणूस गेलं त्याच्या तिपटीहून जास्त. यावर मी वेगळं काय लिहू.

यावर लोक लगेच अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचं नाव पुढे करतात, त्यांनी १९७० मध्ये लिहिलंय ना की नफा वाढवणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. लिहिलंय, पण त्याच वाक्याला पुढे अट आहे की खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता. ती अट सगळे सोयीस्करपणे गिळतात. नफ्याला माझा बिलकुल विरोध नाही, नफा नसेल तर पगार कुठून होणार.

आणि चांगल्या कंपन्या वेगळ्या आणि वाईट वेगळ्या असंही नसतं. १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामक गोळीच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ जण गेले, तर ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने बाजारातल्या ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, सुमारे १० कोटी डॉलर घालवून. आजही मॅनेजमेंटच्या वर्गात हेच उदाहरण शिकवतात. त्याच कंपनीवर पुढे टाल्क पावडरमुळे कॅन्सर झाला म्हणून हजारो दावे पडले, कंपनी आरोप नाकारते, पण तिची ती प्रसिद्ध मूल्यांची सनद तेव्हाही होती, आताही आहे.

म्हणून माझं साधं मागणं आहे. वरिष्ठांचा बोनस काही वर्षं अडकवून ठेवा, मागून भानगड निघाली तर तो परत घ्या. वेल्स फार्गोच्या माजी प्रमुखाकडून घेतला तसा, पण बोभाटा झाल्यावर संचालक मंडळाच्या मर्जीने नको, आधीपासून करारातच लिहिलेला हवा. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर जाणार नाही अशी सोय करा.

आणि एक तुमच्याकडूनही हवंय. तुम्ही दर तिमाहीला कंपन्यांचे निकाल छापता, नफा इतके टक्के वाढला, शेअर उसळला. त्याच चौकटीत दोन ओळी वाढवा ना, त्या कंपनीने वर्षभरात दंड किती भरला आणि तिच्या प्रमुखाचा बोनस नक्की कशाकशावर ठरतो. मोठ्या लिस्टेड कंपन्यांच्या वार्षिक अहवालात यातलं बरंच काही असतं, मागच्या पानांवर, बारीक टायपात. तुमच्या बिझनेस डेस्कवरच्या कुणाला तरी एक दुपार द्यावी लागेल, एवढंच.

आपला,
एक नियमित वाचक