हिंदमाताच्या गजरेवाल्या मावशींना

परवाच्या पावसात शाळेची व्हॅन आलीच नाही. आम्हाला कुणी कळवलंही नाही, आणि तिसरीतली माझी लेक एकटीच परळच्या दिशेने चालत निघाली. मी लोकलमध्ये, सायनला अडकलेली.

हिंदमाताला गुडघाभर पाणी. तिथे एका गजरेवाल्या मावशींनी तिचं दप्तर धरून तिला मागे ओढलं. "पुढं जायचं नाही बाळा, गटाराचं झाकण दिसत नाही." २०१७ च्या ऑगस्टमध्ये जवळच, एल्फिन्स्टनला, उघड्या मॅनहोलने एका डॉक्टरांचा जीव घेतला होता. आठवलं की अजून हात थरथरतात.

मावशींनी ओळखपत्रामागचा नंबर बघून मला फोन लावला. लागेना, तरी लावत राहिल्या. लेकीचे ओले मोजे काढून पाय कोरड्या गोणपाटात गुंडाळले, स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. (घरी भाकरीला नाक मुरडणारी ही पोरगी!)

मी धावत पोचले, तर लगेच सोपवलीही नाही. "थांबा हं बाई," म्हणत आधी माझ्या नंबरवर रिंग दिली, मग लेकीला विचारलं, "ही कोण गं तुझी?"

मावशी, घाईत तुमचं नावही विचारलं नाही. पैसे देऊ केले तर रागावलात, वर गजरा दिलात. खूप आभार. सुकलाय आता, पण लेक तो टाकू देत नाही.