लातूरच्या माइकवर लातूरचा आवाज हवा

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत आपलं लातूर आहे, चंद्रपूर आहे, मालेगाव आहे. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना यातून बळ मिळेल, असं सरकारने तेव्हा सांगितलं. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे कायम नोकरीवर नसलेली, ड्यूटीपुरती बोलावली जाणारी निवेदिका. आज मात्र काळजीने लिहिते आहे.

मोठ्या शहरांतल्या एफएमवर निवेदक म्हणून करण जोहर आले, करीना कपूर आल्या, विद्या बालन आल्या. त्यांच्या येण्याला माझा विरोध नाही. रेडिओने बाहेरच्या माणसांना नेहमीच दार उघडलं आहे. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीत गेले, तोवर त्यांचे चित्रपट येऊन गेले होते. व्यंकटेश माडगूळकरांनी त्याच केंद्रावर वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळले. पण ही माणसं तिथे नोकरीला होती, रोज केंद्रावर येत होती, रेडिओचं काम त्यांनी काम म्हणून शिकून घेतलं. विविध भारतीच्या ‘विशेष जयमाला’त चित्रपट कलावंत फौजी भावांशी बोलायला येत, ते पाहुणे म्हणून. त्यांच्या आधी आणि नंतर माइक उद्घोषकाकडेच असे. अन्नू कपूर यांनी जुन्या हिंदी गाण्यांवरचा कार्यक्रम वर्षानुवर्षं केला, त्यामागचा अभ्यास ऐकताना कळतो. सुनील दत्त तर आधी रेडिओ सिलोनचे आणि मग पडद्याचे.

आता होतं आहे ते वेगळं. ओळखीचा चेहरा आणला की जाहिराती मिळतात, म्हणून निवेदकाची खुर्ची त्याला दिली जाते. आमच्याकडेही एका सणाला असं झालं. ड्यूटी माझी होती, ती ऐनवेळी एका मालिकेतल्या लोकप्रिय अभिनेत्याला दिली गेली. मी शेजारी बसून फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, सांभाळले. त्याने दोन गाण्यांचे संगीतकार चुकीचे सांगितले, फोनवरच्या आजींचं बोलणं अर्ध्यावर तोडलं, आणि बातम्यांची वेळ झाली तरी तो बोलतच होता. तो वाईट माणूस नव्हता. क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम लिहिलेला कागद, कशी वाचायची, घड्याळाचा काटा बघत वाक्य कसं संपवायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही लेखी परीक्षा आणि ध्वनिचाचणी देऊन, प्रशिक्षण घेऊन आत आलो होतो. आणि तरीही महिन्याला सहाच ड्यूट्या.

त्या सहा ड्यूट्यांतली एक माझ्या कायम लक्षात राहिली आहे. पावसाळ्यातली रात्र होती. धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली. खाली नदीकाठच्या गावांची नावं, पंधरा-वीस. त्यातली निम्मी नावं कागदावर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरीच. मी ती लोक म्हणतात तशी वाचली, कारण माझी आत्या त्यातल्याच एका गावात दिलेली होती. रात्रभर दर गाण्यानंतर वाचली. पहाटे फोन आला, ‘बाई, तुमचं ऐकून गुरं वर काढली.’

मुंबईत आठवडाभर आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज, तो कितीही गोड असला, तरी त्या रात्री काय करणार होता? खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणात एका कंपनीला आपल्याच वाहिन्यांमध्ये एकच कार्यक्रम फिरवायची मुभा आहे. मोठ्या नावाचा कार्यक्रम एकदा करून दहा शहरांत वाजवणं स्वस्त पडेल. मग चंद्रपुरात वाहिनी येईल, पण चंद्रपूरच्या मुलांना तिथे जागा असेल का? लातूरची माणसं कशी बोलतात ते तरी तिथे ऐकू येईल का?

म्हणून माझी विनंती आहे. या नव्या शहरांतल्या परवान्यांत सकाळचे आणि संध्याकाळचे ठरावीक तास त्याच गावातून, थेट, तिथल्याच निवेदकांनी सादर करायची अट घाला. आपत्तीच्या वेळी बाहेरून येणारा कार्यक्रम थांबवून स्टुडिओ ताब्यात घेईल असा माणूस चोवीस तास तिथे हजर हवा. आकाशवाणीवर कुणी प्रसिद्ध व्यक्ती पाहुणी म्हणून आली तर तिचं स्वागतच आहे. नियमित निवेदन करायचं असेल, तर मात्र आमच्यासारखी ध्वनिचाचणी तिनेही द्यावी. आणि सहा ड्यूट्यांवर वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या देशभरातल्या नैमित्तिक उद्घोषकांना एकदा समोर बसवून त्यांचं ऐकून घ्या. नव्या वाहिन्यांवरच्या मुलांना शिकवायला यांच्याइतकी तयार माणसं तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाहीत. बोलावलंत तर मीही येईन.

आपली विश्वासू,
एक माजी नैमित्तिक उद्घोषक