दिवाळीला का आले नाही

नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फराळ पोचला. चकल्यांचा थोडा चुरा झालाय, पण चव घरचीच.

ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्रीचं पाणी आपल्या ओट्याला लागलं, तेव्हा मी तिथे नव्हते. दिवाळीतही नव्हते, इथे अमेरिकेत नदीवर सॅमन मासे मोजत होते. "मासे काय, पुढच्या वर्षीही येतील," असं आई फोनवर म्हणाली. ते मनातून जात नाही.

आई, यंदाचं येणं पहिलं होतं गं. इथल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडायचं काम ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपलं. त्यातलं कोप्को-१ १९१८ पासून उभं होतं. आणि १६ ऑक्टोबरला पार वर, ऑरेगॉनमधल्या एका ओढ्यात चिनूक जातीचा सॅमन दिसला, १९१२ नंतर पहिल्यांदाच! सॅमन समुद्रातून परततो तो जन्माच्या ओढ्याचा वास धरून. या ओढ्यात तर त्यांच्यातलं कुणीच जन्मलेलं नव्हतं. तरी आले.

पाडलेल्या आयर्न गेट धरणाच्या जागी पाण्यात सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासा टिपणारं यंत्र, बसवलंय. वर जाणारा मासा त्यात दिसतो, पण कुठल्या जातीचा ते कळत नाही. म्हणून जाळी लावायची, ओढे पायी तुडवायचे. अंडी घातल्यावर हे मासे मरतात, तेही मोजायचे. डोक्यातून कानाचा खडा काढून घ्यायचा. झाडासारखी त्यात वर्षाची वलयं असतात. मग शेपूट कापून टाकायची, म्हणजे तोच मासा दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

परवा एक मादी सापडली. अंग अजून घट्ट, पण शेपटीची कड झिजून पांढरी पडलेली. अंड्यांसाठी ती त्याच शेपटीने गोट्यांत खळगा उकरते. समुद्र सोडल्यापासून पोटात काही नाही, आणि वर हे कष्ट. तिची शेपूट कापायला माझा हात धजेना. शेवटी कापली.

बाबा, पावसाळ्यात हिलसा आणायला तुम्ही पहाटेच्या गाडीने भरूचला जायचात, ते सारखं आठवतं. तोही समुद्रातून नर्मदेत चढणारा. आता वर धरण आणि खालून खारं पाणी आत शिरलेलं. डिसेंबरात येतेय, तिकीट काढलंय. आपण दोघं भरूचजवळच्या भाडभूतला जाऊ. पूर्वी हिलसा कुठवर चढायचा, हे तिथल्या म्हाताऱ्या मच्छीमारांना विचारून लिहून घ्यायचंय. गुजराती तुम्ही बोला, माझी गंजलीय.

आईने गुडघ्याचा पट्टा लावावा.

तुमची,
मुग्धा