कोलखोझचा चेअरमन

प्रिय सुन्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या की पुढे वाच. तब्येत ठीक, साखर जरा वर, गोळी चालू आहे.

परवा रात्री मेहुणा आला. पतसंस्थेची निवडणूक आहे. "दाजी, संचालक म्हणून फॉर्म भरा, चेअरमन तुम्हीच. तुम्ही फक्त सह्या करायच्या, बाकी आम्ही बघतो." आणि मला एकदम आपली ओब्शागा, कॉलेजचं ते हॉस्टेल, आठवली. तू कांदा चिरतोयस आणि मी लाझारेंकोचे गोडवे गातोय.

मे ९६. आपल्या द्नेप्रोपेत्रोव्स्कचा माणूस युक्रेनचा पंतप्रधान झाला होता. आधी कोलखोझचा, म्हणजे सोव्हिएत सामुदायिक शेतीचा अध्यक्ष, मग प्रांताचा कारभारी, आता थेट कीव्ह. मी म्हणालो, हा तर आपल्याकडचा कारखान्याचा चेअरमन, मातीतला माणूस! तू डोळे पुसत म्हणालास, "म्हणूनच रडतोय." जुलैत त्याच्या गाडीवर बॉम्बहल्ला झाला, वाचला. मी म्हटलं, बघ, प्रामाणिक माणसाला शत्रू असतात. तू म्हणालास, "प्रामाणिक माणसावर एवढी दारू कोण वाया घालवतं?" त्यावरून आठवडाभर अबोला. तुझं लोणचं त्याच आठवड्यात संपलं, हे आज कबूल करतो.

सप्टेंबरात ग्रिव्ना हे नवं चलन आलं. जुन्या लाख कुपोनला एक! दारावरची म्हातारी वाख्त्योर्शा पुडकी देऊन आली आणि तळहातावरच्या चार नोटांकडे बघत बसली. त्याचंही श्रेय मी लाझारेंकोलाच दिलं. तू म्हणालास, ते राष्ट्रीय बँकेच्या युश्चेन्कोचं. तेही तुझंच खरं होतं.

९७ च्या जुलैत लाझारेंकोचं पंतप्रधानपद गेलं. ९८ ला 'ह्रोमादा' पक्ष घेऊन संसदेत, तेव्हा मी पुन्हा फुगलो. त्याच डिसेंबरात पनामाच्या पासपोर्टवर स्वित्झर्लंडच्या हद्दीत पकडला. फेब्रुवारी ९९ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर. आपण सहाव्या वर्षाला होतो, तू एक शब्द बोलला नाहीस. तेच जास्त लागलं मला.

परवा झोप येईना म्हणून त्याचा खटला वाचत बसलो. २००४, सॅन फ्रान्सिस्को, मनी लाँड्रिंग आणि खंडणी, दोषी. २०१२ ला सुटला. त्याच्या भागीदाराची साक्ष आहे: लाझारेंकोने त्याला सांगितलं होतं की मी सगळ्यांशी निम्म्या-निम्म्यानेच काम करतो. दरच तो, जसा बाजारात भाव असतो.

मेहुणा चोर आहे असं मी म्हणत नाही रे. त्याने मोबाइलवर केबिनचा फोटो दाखवला. फिरती खुर्ची, पाठीला पांढरा टॉवेल. मी तो फोटो मोठा करून बघितला, दोनदा. बायकोने ते पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. नाही म्हणायला मला एक मिनिट लागलं असतं. मी चहा सांगितला.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव कॅनडात रुळले का? शहर आता नुसतं द्नीप्रो आहे. बातम्यांत पडलेल्या इमारती दाखवतात तेव्हा मी आपली खिडकी शोधत बसतो. तूही शोधत असशील.

फॉर्म दवाखान्यात बीपीच्या मशीनखाली ठेवलाय. सही सोडून सगळा भरलाय. शुक्रवार शेवटचा दिवस. त्याआधी फोन कर, आणि लोणच्याचं काढू नकोस.

तुझाच,
विन्या